कामीय पिसारो : पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

आमच्या रविवारच्या लँडस्केपवाल्या कंपूत पाऊस असला की बाहेर न जाता पडद्यावर चित्रं लावून बसायची पद्धत आहे. क्लोद मोने हा फ्रेंच चित्रकार लावला की सगळे गप्प बसून बघतात. पिसारो लावला की हात वर होतात. ‘यात आहे काय?’ इथपासून ‘हा एवढा मोठा कसा?’ इथपर्यंत. दरवेळी तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

हा पिसारो म्हणजे नक्की कोण?

फ्रेंच इम्प्रेशनिस्ट (मराठी पुस्तकांत ‘दृक्प्रत्ययवादी’) मंडळींतल्या मुख्य चित्रकारांत वयानं सगळ्यांत मोठा. जन्म १० जुलै १८३०, मृत्यू १३ नोव्हेंबर १९०३. शेतं, खेड्यातले रस्ते, भाजीचे वाफे, बाजार आणि उतारवयात पॅरिसचे रस्ते हे त्याचे विषय. १८७४ ते १८८६ या काळात या गटाची आठ प्रदर्शनं झाली. त्या आठही प्रदर्शनांत ज्याची चित्रं होती असा तो एकटाच. मोने मध्येच गळला, रेन्वार गळला, सेझान तर दोनदाच दिसला.

आणि पिझारो तो वेगळा का?

पेरू जिंकणारा स्पॅनिश पिझारो वेगळा, तीनशे वर्षं आधीचा. गोंधळ व्हायला कारण मात्र आहे. आपल्या चित्रकाराच्या घरी आडनाव ‘पिझारो’ असंच लिहीत आणि सुरुवातीच्या चित्रांवर त्याची सहीही तशीच आहे. फ्रान्सला आल्यावर त्यानं ते ‘पिसारो’ करून घेतलं.

म्हणजे तो फ्रेंच नव्हता?

कागदोपत्री नव्हताच, शेवटपर्यंत डेन्मार्कचा नागरिक राहिला. जन्म कॅरिबियन समुद्रातल्या सेंट थॉमस बेटावर, शार्लट अमाली या बंदराच्या गावी. बेट तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं. वडील बोर्दोहून आलेले पोर्तुगीज वंशाचे ज्यू, व्यापारी. ते बेटावर आले मामाचं दुकान सांभाळायला, आणि मामाच्याच विधवेशी लग्न करून बसले. नात्यानं मामीच ती. बेटावरच्या ज्यू समाजानं हे लग्न बराच काळ मान्य केलं नाही. त्यामुळे या घरातली मुलं गेली मोरावियन मिशनच्या शाळेत, बेटावरच्या काळ्या मुलांच्या शेजारी बसून शिकायला. आपल्याच जातीबाहेर टाकलेल्या घरात वाढणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको. पिसारोची माणसं बघताना मला हे घर आठवतं. त्याच्या चित्रातली भाजीवाली बाई कधी ‘गरीब बिचारी’ म्हणून येत नाही. वाफा खुरपताना कंबर कशी वाकते, तेवढंच तो दाखवतो.

घरचे चित्रकलेला तयार होते का?

कोणाचे असतात? बाराव्या वर्षी त्याला पॅरिसजवळ पासीच्या वसतिगृहात शिकायला पाठवलं, सतराव्या वर्षी परत बोलावून दुकानात बसवलं. बंदरावर माल उतरताना नोंदी करायच्या, हे काम. नोंदीच्या मधल्या वेळात हा हमालांची, गलबतांची रेखाटनं करी. फ्रिट्झ मेल्बी नावाचा डॅनिश चित्रकार बेटावर आला होता, त्याच्याशी गट्टी जमली आणि १८५२ मध्ये दोघं व्हेनेझुएलाला निघून गेले. कराकास आणि ला ग्वायरा इथे दोनेक वर्षं काढली. मग घरच्यांनी हात टेकले. १८५५ मध्ये तो पॅरिसला पोचला तो कायमचा. तिथे ज्येष्ठ निसर्गचित्रकार कोरो यांचा सल्ला त्याला मिळाला, आणि ‘अकादेमी स्विस’ नावाच्या स्वस्तातल्या खुल्या स्टुडिओत आधी मोने आणि मग सेझान भेटले.

या इम्प्रेशनिस्ट मंडळींनी असं वेगळं काय केलं?

एकच चित्र जवळून बघू. ‘जेले ब्लांश’, म्हणजे जमिनीवर गोठलेलं पांढरं दव. १८७३ चं, सध्या पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. चढाचं नांगरलेलं शेत, कडेनं गाडीवाट, वाटेवर पाठीवर मोळी घेतलेला एक म्हातारा. बस. ना देऊळ, ना नदी, ना सूर्यास्त.

आता शेतावर बघा. तासांना आडव्या छेदत जाणाऱ्या निळसर सावल्या आहेत. कशाच्या? झाडांच्या. झाडं कुठे आहेत? चित्राच्या चौकटीबाहेर, आपल्या पाठीशी. म्हणजे सूर्यही आपल्या मागे आहे आणि आपण त्या थंडीत तिथेच उभे आहोत. १८७४ च्या पहिल्या प्रदर्शनात कास्तान्यारी या समीक्षकानं नेमकी हीच चूक काढली, की जी झाडं चित्रातच नाहीत त्यांची सावली कशी काय रंगवता? (तसा हा समीक्षक त्यांच्या बाजूचा!) लुई लरुआनं तर ‘ल शारिव्हारी’ या विनोदी पत्रात एक काल्पनिक म्हातारा चित्रकार प्रदर्शनात फिरवला. हे शेत बघून त्या म्हाताऱ्याला वाटतं की आपला चष्माच मळलाय, आणि तो काढून पुसतो. ही तासं कसली, हे तर मळक्या कॅनव्हासवर सारखे थापलेले पॅलेटचे खरवड, असं त्याचं म्हणणं.

लरुआ चेष्टा करत होता, पण त्यानं पाहिलं बरोबर होतं. रंग तिथे खरंच खरवडून ठेवल्यासारखा आहे, कारण ढेकळांवर बसलेलं दव तसंच खरबरीत दिसतं. सावली म्हणजे काळा रंग, हा नियम मोडून सावलीत निळा, जांभळा, हिरवट जे दिसेल ते लावायचं, ही या लोकांची मूळ उचल. ऑन द स्पॉट काम करणाऱ्या कुणालाही आज हे इतकं अंगवळणी पडलंय की यासाठी कधीकाळी शिव्या खाव्या लागल्या हे खरं वाटत नाही.

त्या प्रदर्शनाबद्दल आणखी एक गोष्ट. ते १५ एप्रिलला उघडलं. नऊ दिवस आधी पिसारोची लाडकी मुलगी जान, घरात तिला मिनेत म्हणत, वारली. नऊ वर्षांचीही नव्हती.

युद्धात त्याची शेकडो चित्रं गेली, हे खरं का?

खरं. १८७० मध्ये प्रशियाचं (तेव्हाचं मोठं जर्मन राज्य) सैन्य फ्रान्समध्ये घुसलं तेव्हा तो पॅरिसच्या पश्चिमेला लुव्हसिएन इथे राहत होता. कुटुंब घेऊन आधी ब्रिटनीच्या सीमेजवळ मित्राकडे, तिथून लंडनला. घरात वीस वर्षांचं काम होतं, सुमारे दीड हजार चित्रं आणि अभ्यास. परत येऊन बघतो तर शाबूत राहिली चाळीसच्या आसपास. सैनिकांनी घराचा खाटीकखाना केला होता आणि बागेत चिखल झाला म्हणून कॅनव्हास पायपुसण्यासारखे अंथरले होते. त्याच्या सुरुवातीच्या काळातली चित्रं एवढी कमी का, याचं उत्तर हे आहे.

लंडनमध्ये मात्र दोन गोष्टी मिळाल्या. एक, मोनेबरोबर टर्नर आणि कॉन्स्टेबल हे इंग्रज निसर्गचित्रकार मनसोक्त बघायला मिळाले. दुसरी, पॉल ड्युराँ-रुएल हा चित्रविक्रेता भेटला. याच माणसानं पुढे सगळ्या इम्प्रेशनिस्टांना जगवलं. तिथलं ‘लॉर्डशिप लेन स्टेशन’ (१८७१, कोर्टोल्ड गॅलरी) जरूर बघा. दोन्हीकडे ओलं गवत, मधून समोर येणारं काळं इंजिन, भुरकट आभाळ. गवतात आधी त्यानं एक माणूस काढला होता आणि नंतर पुसून टाकला, हे क्ष-किरण तपासणीत दिसलं. माणूस असता तर नजर त्याच्यावर अडली असती. आता ती सरळ इंजिनाकडे जाते.

घर कसं चालायचं?

जुलीमुळे. जुली व्हेले ही पिसारोच्या आईच्या स्वयंपाकघरात कामाला असलेली बरगंडीकडची मुलगी. आईनं हे नातं कधी मनापासून स्वीकारलं नाही. लग्न झालं ते १८७१ मध्ये, लंडनजवळ क्रॉयडनला, तोवर मुलं झाली होती. एकूण आठ मुलं. जुली भाजी लावायची, कोंबड्या-ससे पाळायची, उधारीवाल्यांना तोंड द्यायची. नवरा मात्र चित्रं न विकण्याच्या बाबतीत सातत्य राखून होता.

म्युरेर नावाच्या मिठाईवाल्याची गोष्ट सांगतात. हा चित्रकारांना जेवू घाली आणि बदल्यात चित्रं घेई. एकदा त्यानं पिसारोच्या चित्रांची सोडत काढली. बक्षीस लागलं एका मोलकरणीला. तिनं चित्र पाहिलं आणि विचारलं, त्यापेक्षा क्रीमचा बन मिळेल का?

१८८४ पासून कुटुंब एरान्यी या खेड्यात, एप्त नदीकाठी राहत होतं. १८९२ मध्ये घरमालकानं घर विकायला काढलं. पिसारो तेव्हा लंडनला. जुली नवऱ्याला न विचारता सरळ मोनेकडे गेली आणि पैसे मागितले. मोनेनं १५,००० फ्रँक उसने दिले. घर वाचलं. पिसारो संकोचला म्हणे, पण राहिला त्याच घरात, मरेपर्यंत.

सेझान त्याचा शिष्य होता म्हणतात. गुरूपेक्षा शिष्य मोठा झाला, मग गुरूचं महत्त्व काय?

हा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो, म्हणून उत्तर लांबणार आहे.

१८७२ च्या सुमारास सेझान पॅरिसजवळच्या पोंत्वाझला पिसारोजवळ राहायला आला. तेव्हा तो चाकूनं जाडजूड काळपट रंग लावून खून, मेजवान्या वगैरे रंगवणारा, कुणाशी न पटणारा माणूस होता. पिसारोनं व्याख्यान दिलं नाही. आपलं लुव्हसिएनचं एक निसर्गचित्र त्याला घरी नेऊ दिलं. सेझाननं ते समोर ठेवून अख्खं उतरवून काढलं. तेहतीस वर्षांच्या चित्रकारानं दुसऱ्याचं चित्र गिरवायला बसणं म्हणजे काय ते ओळखा. मग दोघं शेजारी शेजारी स्टँड लावून बसू लागले. काळा बाजूला ठेव, तीन मूळ रंग आणि त्यांच्यातून निघणारे, एवढ्यावरच भागव, हा धडा पिसारोचा.

दोघांना काम करताना बघणाऱ्या एका शेतकऱ्याचं निरीक्षण कुठल्याही समीक्षेपेक्षा सरस आहे : पिसारो टोचतो, सेझान थापतो. पिसारोचा ब्रश खरंच टोचत जातो, भाताची रोपं लावावीत तसा. सेझान एकेक ठोकळा बसवतो. म्हणजे पिसारोनं स्वतःचा हात शिकवलाच नाही. बघायला शिकवलं आणि हात ज्याचा त्याला ठेवू दिला. म्हणूनच त्याच्या शिष्यांत एकही ‘छोटा पिसारो’ सापडत नाही. आपल्याकडे एखाद्या नावाजलेल्या सरांच्या विद्यार्थ्यांचं प्रदर्शन बघा, बाराही भिंतींवर सरच टांगलेले असतात.

सेझाननं हे ऋण नाकारलं नाही. पिसारो मला बापासारखा होता, देवबाप्पासारखा काहीतरी, असं तो म्हणायचा. आणि म्हातारपणी, स्वतःला मागे रांग लागलेली असताना, प्रदर्शनाच्या यादीत त्यानं आपल्या नावापुढे ‘पिसारोचा शिष्य’ असं छापून घेतलं.

पॉल गोगँ हाही तिथलाच. शेअर बाजारातला दलाल, आधी पिसारोची चित्रं विकत घेणारा, मग सुट्टीत त्याच्याबरोबर रंगवायला जाणारा, शेवटी नोकरी सुटल्यावर पूर्णवेळ गळ्यात पडलेला. एकाच कागदावर दोघांनी काढलेली एकमेकांची रेखाटनं ओर्सेच्या संग्रहात आहेत. पुढे दोघांचं फाटलं. गोगँचा गूढवाद पिसारोला ढोंग वाटायचा. तरी मरणाआधी गोगँनं लिहून ठेवलं की तो माझा एक गुरू, मी नाकारत नाही. व्हिन्सेंट व्हान गॉगला पोंत्वाझजवळच्या ओव्हेर गावच्या डॉक्टर गाशेंकडे पाठवायचं पिसारोनंच सुचवलं. अमेरिकन चित्रकर्ती मेरी कसाट म्हणायची, हा माणूस दगडांनासुद्धा चित्र काढायला शिकवेल.

मग मध्येच ठिपक्यांच्या नादी का लागला?

१८८५ मध्ये त्याला पॉल सिन्याक आणि जॉर्ज सरा हे तरुण चित्रकार भेटले. सरा पंचवीसचा, पिसारो पंचावन्नचा. रंग पॅलेटवर न मिसळता शुद्ध ठिपके शेजारी शेजारी ठेवायचे, मिसळण्याचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोडायचं, हे सराचं शास्त्र. पिसारोला आपला ब्रश गुंताळलाय, चित्रं चिखल होताहेत असं वाटतच होतं. तो पोराच्या वर्गात जाऊन बसला. १८८६ च्या शेवटच्या प्रदर्शनात सरा, सिन्याक, पिसारो आणि त्याचा मुलगा ल्युसिएन यांची चित्रं एका वेगळ्या खोलीत लागली.

जुने मित्र चिडले, ड्युराँ-रुएलनं नाक मुरडलं, विक्री बसली. चारेक वर्षांनी त्यानं स्वतःच ते सोडलं. ठिपके देत बसलं की ढग निघून जातो, हे त्याचं थोडक्यात कारण. निसर्गाची क्षणाक्षणाला बदलणारी संवेदना या पद्धतीत पकडता येत नाही, असं त्यानं पत्रात स्पष्ट लिहिलंय. काही लोक याला त्याची फसलेली पाच वर्षं म्हणतात. मला तसं वाटत नाही. ठिपक्यांनंतरची त्याची चित्रं आधीपेक्षा कितीतरी उजळ आहेत, १८८२ आणि १८९७ ची शेजारी लावून बघा.

शेवटी शेवटी सगळी चित्रं वरून बघितल्यासारखी का?

कारण ती वरूनच बघितली आहेत. उजव्या डोळ्याच्या अश्रुनलिकेचा आजार जडला, वारा-धूळ लागली की डोळा सुजायचा, पू व्हायचा. उघड्यावर बसायची सोय संपली. मग त्यानं हॉटेलच्या खोल्या घ्यायला सुरुवात केली आणि बंद खिडकीमागून रंगवू लागला. रुआँ, पॅरिस, दिएप, ल आव्र.

१८९७ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पॅरिसच्या हॉटेल द रुसीच्या खिडकीतून त्यानं बुलव्हार मोंमार्त्र हा एकच रस्ता १४ वेळा रंगवला. सकाळ, धुकं, ऊन, पाऊस, मिरवणूक. त्यातलं एक रात्रीचं आहे, त्याच्या सगळ्या कामातलं एकमेव रात्रीचं चित्र. लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. मध्ये रस्त्यावर विजेच्या दिव्यांची गार पांढरी रांग, कडेला दुकानांचा पिवळा उजेड, ओल्या रस्त्यात दोन्ही सांडलेले, आणि घोडागाड्या म्हणजे नुसते काळे ओरखडे. यावर त्यानं सही केली नाही, हयातीत प्रदर्शनातही ठेवलं नाही.

तो अराजकतावादी होता?

होता, मनापासून. म्हणजे सरकारी सत्ताच नको मानणारा. रशियन अराजकतावादी विचारवंत क्रोपोत्किन वाचायचा, अराजकतावादी पत्रांना पैसे द्यायचा. १८९४ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांची हत्या झाली तेव्हा तो बेल्जियममध्ये होता. धरपकड चालू झाल्यामुळे काही महिने परतलाच नाही. बॉम्ब टाकणाऱ्यांतला मात्र तो नव्हे. भाच्यांसाठी त्यानं २८ रेखाटनांचं एक वहीवजा पुस्तक केलं होतं, त्यात बँकवाले, उपासमार, आत्महत्या असं सगळं आहे. रंगीत चित्रांत हा राग कुठेच दिसत नाही.

ड्रायफस प्रकरणात काय झालं?

फ्रेंच सैन्यातल्या ड्रायफस या ज्यू अधिकाऱ्यावर खोटा देशद्रोहाचा आरोप आला, देश दुभंगला. कादंबरीकार एमिल झोलानं त्याच्या बाजूनं जाहीर पत्र लिहिलं तेव्हा पिसारोनं झोलाचं अभिनंदन केलं. गटातलेच चित्रकार एद्गार दगा आणि रेन्वार विरुद्ध बाजूला गेले. वीस वर्षांपासूनचा मित्र दगा त्याला टाळू लागला. पिसारो मात्र दगाच्या चित्रांचं कौतुक करायचं थांबला नाही.

एवढं सगळं असून मोनेइतकं नाव का नाही?

मोनेची कमळं डोळे मिटून आठवतात. पिसारोचं असं एक चित्र सांगा पाहू! नाही सांगता येत. त्याचं चित्र पहिल्या नजरेत काही देत नाही. मध्यभागी बघण्यासारखं काही ठेवायचंच नाही असा जणू त्याचा हट्ट. ‘ला कोत दे बफ’ (१८७७, नॅशनल गॅलरी) मध्ये घरं उंच उंच झाडांच्या जाळीमागे आहेत, आणि डाव्या बाजूला दोन माणसं आपल्याकडे बघत उभी आहेत. ती दिसायला मला तिसरी खेप लागली. घाईतल्या माणसाचा हा चित्रकार नाही. सगळीच चित्रं थोर आहेत असंही नाही, ठरावीक गिऱ्हाइकासाठी केलेली सपक चित्रं पुष्कळ आहेत.

किमती काय येतात?

वसंतातल्या सकाळचं ‘बुलव्हार मोंमार्त्र’ २०१४ मध्ये लंडनच्या लिलावात १ कोटी ९६ लाख पौंडांच्या वर गेलं. त्यामागची गोष्ट महत्त्वाची. तेव्हा जर्मनीत असलेल्या ब्रेस्लाऊचे ज्यू उद्योगपती माक्स सिल्बरबर्ग यांना नाझी राजवटीत आपला संग्रह विकायला लागला, पुढे त्यांना मारण्यात आलं. चित्र वारसांकडे परत आलं २००० मध्ये. ‘रू सेंत-ओनोरे’च्या पावसातल्या दुपारच्या चित्राचा वाद तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९३९ मध्ये देशाबाहेर पडायच्या परवान्यासाठी एका ज्यू बाईला ते देऊन टाकावं लागलं होतं, आणि आता ते माद्रिदच्या संग्रहालयात आहे.

आपल्याकडच्या चित्रकारांवर त्याचा परिणाम?

थेट दाखवता येईल असा नाही. उगाच ओढूनताणून नातं जोडू नये. पण एक धागा आहे. नागपूर आणि मग मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले सय्यद हैदर रझा १९४८ मध्ये काश्मीरला निसर्गचित्रं करत होते. छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँनं ती पाहून सांगितलं की रंग छान आहेत, बांधणी नाही, सेझान अभ्यासा. रझा १९५० मध्ये पॅरिसला गेले. सेझानच्या मागे कोण उभा होता ते वर आलंच आहे.

लँडस्केप शिकणाऱ्यानं त्याच्याकडून काय घ्यावं?

म्हातारपणी एका तरुण चित्रकाराला त्यानं दिलेला सल्ला माझ्या भाषेत सांगतो : एकेक तुकडा पुरा करत जाऊ नका. आभाळ, पाणी, फांद्या, जमीन सगळं एकदम चालू ठेवा आणि सारखं दुरुस्त करत राहा. बाह्यरेषेपेक्षा रंगाचा डाग बरोबर पडला का ते बघा. रंग लावायला घाबरू नका. पहिला ठसा निसटू देऊ नका.

आणि अमेरिकेतल्या क्लार्क संग्रहालयातलं त्याचं पॅलेट नेटवर मोठं करून बघा. लाकडी पॅलेटच्या कडेला सहा रंगांचे गोळे तसेच वाळलेत : पांढरा, पिवळा, लाल, जांभळा, निळा, हिरवा. काळा नाही. आणि मधल्या जागेत, जिथे आपण रंग कालवतो तिथे, त्याच सहा रंगांतून त्यानं झाडं, आभाळ आणि गवताची गाडी रंगवून ठेवली आहे. कुठल्या गोळ्यातून गाडीतला कुठला रंग निघाला, ते बोट ठेवून शोधता येतं. पुढच्या पावसाळी रविवारी आम्ही तेवढंच करणार आहोत.